थंडी होती, ताप नव्हता

कांता सिस्टर,

तुमच्या फोटोखाली प्रज्ञानं ‘कर्तव्यदक्ष आरोग्य सेविका’ अशी ओळ छापून घेतली आहे. फोटो जुना आहे, बहुतेक नोकरीला लागतानाचा. चेहरा बारीक, डोळे मोठे. मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही साधारण अशाच दिसत होतात. पुढच्या तीन-चार वर्षांत तुमचा चेहरा सुजला, आवाज जाडा झाला आणि तुम्ही अजिबात कर्तव्यदक्ष नाही असं एका कागदावर लिहून वरती कळवलं गेलं. तो कागद मी लिहिला होता. तुम्ही मरेपर्यंत तो अंगणवाडीच्या निर्मलाबाईंनी लिहिला असं समजत होतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला आडोसा राहणार नाही.

नव्याण्णव साली मी बदलून आलो तेव्हा तुम्ही इथं जुन्या झाला होतात. नवेगाव बांधपासून आत, जंगलाला लागून असलेलं दोन खोल्यांचं उपकेंद्र. मागे तुमचं क्वार्टर, त्यात तुम्ही आणि तेव्हा तिसरीत असलेली तुमची लेक प्रज्ञा. यजमान आधीच गेलेले. शेजारी भिंतीला भिंत लावून अंगणवाडी, तिथं निर्मलाबाई. मी हिवतापाचा माणूस. सायकलवर घरोघर फिरायचं, ताप असलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचं, क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या समोर गिळायला लावायच्या, भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढच्या घरी जायचं. लोकांना माझं नाव माहीत नव्हतं. ‘मलेरियावाला’ एवढीच ओळख. या भागात बदली मागून कोणी येत नाही, म्हणून एकदा आलेला माणूस सहसा हलतही नाही. आपण दोघंही तिथंच राहिलो.

तेव्हा तुम्ही आणि निर्मलाबाई एकमेकींच्या डब्यातलं खायचात. दुपारी अंगणवाडीच्या ओसरीत बसून ती लाखोळीची डाळ वाढायची, तुम्ही जवसाची चटणी द्यायचात, आणि दोघी मिळून मला हसायचात, कारण मी भात कालवताना सुद्धा घड्याळ बघायचो. मला तुमचा हेवा वाटायचा. माझं कुटुंब गोरेगावकडे, मी खोलीत एकटा, आणि तुमच्या दोघींचं सगळं कसं मोकळं.

तुमची थंडी पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती होळीनंतर. ऊन चटके द्यायला लागलं होतं आणि तुम्ही ओसरीत स्वेटर घालून लसीकरणाचं रजिस्टर लिहीत होतात. मला म्हणालात, “भाऊ, माही एक स्लाइड घेऊन पाहा. अंगात थंडी भरून राहिली.”

आपल्याकडे थंडी म्हणजे हिवताप. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सुटलं, उन्हाळी धानाच्या बांध्या भरल्या की मच्छर वाढतात, आणि कोणी घोंगडं पांघरलं की घरचे मलाच बोलावतात. डॉक्टरांनाही दुसरं काही सुचत नसे. मी तुमचं बोट धरलं. ते गार होतं आणि कातडी कोरडी, भेगाळलेली. सुई टोचली तर रक्त येईना. दाबून दाबून कसाबसा एक थेंब काढला. दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. चार गोळ्या तुम्ही तोवर गिळून मोकळ्या झाला होतात आणि थंडी जिथल्या तिथं होती.

त्यानंतर मी तुमच्या स्लाइड घेतच गेलो. दर दोन-तीन महिन्यांनी एक. माझा महिन्याचा आकडा कमी पडला की तुम्ही स्वतःहून बोट पुढं करायचात आणि हसून म्हणायचात, “घ्या, तुमचं टार्गेट भरा.” सगळ्या निगेटिव्ह. आणि आता एक गोष्ट सांगतो जी मला फार उशिरा कळली. तुम्हाला ताप नव्हता. एकदाही नव्हता. फॉर्मवर तापाच्या रकान्यात खूण केल्याशिवाय स्लाइड घेता येत नाही, म्हणून मी खूण करत गेलो. थर्मामीटर तुमच्याच टेबलावर, स्पिरिटच्या ग्लासात उभा असायचा. दोन आरोग्य कर्मचारी समोरासमोर बसायचे आणि तो कोणी काखेत लावून बघितला नाही. थंडी वाजते म्हणजे ताप असणारच, हे आपल्याला इतकं पाठ झालं होतं.

थंडीबरोबर तुम्ही हळू होत गेलात. बोलताना दोन शब्दांमध्ये अंतर पडायला लागलं. एकाच बाळाची नोंद दोनदा, दुसऱ्याची एकदाही नाही. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. कंगव्यात केसांचा गुंता निघायचा तो तुम्ही खिडकीतून बाहेर टाकायचात आणि तो कुंपणाला अडकून राहायचा. वजन वाढलं. विचारलं की म्हणायचात, “वय झालं, भाऊ.” त्रेचाळिशीची बाई. मी मनात म्हणायचो, ही बाई सुस्तावली. नोकरी पक्की आहे, विचारणारं कोणी नाही, मग कशाला हातपाय हलवायचे.

मग टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरच्या, लसीकरणाचा दिवस आला. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बायका सकाळी आठला पोरांना घेऊन येतील, लगेच टोचून घेतील आणि बांध्यांमध्ये जातील, असं निर्मलाबाईंनी घरोघर फिरून ठरवून ठेवलं होतं. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीचा डबा सायकलला बांधून आणला. आठ वाजले, नऊ वाजले. बायका कुरकुरत एकेक करून निघून गेल्या. तुम्ही साडेदहाला आलात, चिखलातून पाय ओढत. निर्मलाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, “आता आल्या, सिस्टर? झोपून राहिल्या होत्या का?” झाडाखाली बसलात आणि मला म्हणालात, “भाऊ, जराशी बसू द्या. पाय उचलत नाई.” मी डबा परत सायकलला बांधला आणि तुम्हाला तिथंच सोडून निघालो.

लस तशीच परत नेल्याबद्दल मला आरोग्य केंद्रात चार लोकांत झापलं गेलं. संध्याकाळी खोलीवर येऊन मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. रागाच्या भरात लिहिला असं म्हणायची सोय आहे, पण राग दुपारचा होता आणि अर्ज मी चहा पिऊन, अंघोळ करून, खाडाखोड न करता लिहिला. ‘सदर आरोग्य सेविका कामाच्या वेळेत झोपतात व कामात हयगय करतात.’ त्या दिवसाची सगळी हकीकत लिहिली. खाली सही केली आणि नाव उघड करू नये अशी विनंती केली. साहेब शब्दाचे पक्के निघाले. त्यांनी ते कधीच उघड केलं नाही.

पंधरा दिवसांनी तुम्हाला नोटीस आली. तुम्ही ती घेऊन कोणाकडे आलात? माझ्याकडे. “भाऊ, तुमचं अक्षर चांगलं, मराठी चांगली. खुलासा लिहून द्या.” मी लिहून दिला. स्वतःच्या तक्रारीला स्वतःच उत्तर लिहिणारा माणूस आपल्या तालुक्यात दुसरा झाला नसेल. ‘माझ्याकडून झालेल्या हयगयीबद्दल मी दिलगीर आहे, यापुढे असे होणार नाही.’ हयगय हाच शब्द दोन्हीकडे. तुम्ही तो वाचलात आणि विचारलंत, “पन मी हयगय केली का, भाऊ? मले तं उठताच येत नव्हतं.” मी म्हणालो, असंच लिहायचं असतं, प्रकरण मिटतं. तुम्ही सही केलीत. सही करायला तुम्हाला किती वेळ लागला ते मी उभ्यानं बघत होतो आणि कंटाळलो होतो.

प्रकरण मिटलं नाही. तुम्ही लेखी कबूल केलं म्हटल्यावर गोपनीय अहवालात शेरा बसला. आणि नोटिशीत टोल्यावरच्या त्या दिवसाचा उल्लेख असल्यामुळे तुम्ही लगेच नाव ठरवलंत. “निर्मलानं केलं हे. तोंडावर बोलली, मंग कागदावरही लिवलं.” मी हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. त्या दिवशी मी जे केलं ते एवढंच, गप्प बसलो. त्यानंतर तुम्ही तिच्या डब्यातलं कधी खाल्लं नाहीत.

पण काम तर एकत्रच करायचं होतं. लसीकरण अंगणवाडीत, वजनकाटा तिचा, सिरिंज तुमच्या. मधे मी. तुम्ही म्हणायचात, “भाऊ, त्याहिले सांगा, पुढचं लेकरू आना.” ती दोन हातांच्या अंतरावर बसलेली. मी सांगायचो, पुढचं बाळ आणा. ती म्हणायची, “सिस्टरले सांगा, याले मागच्या महिन्यात ताप आलता.” मी तुम्हाला सांगायचो, याला ताप येऊन गेला. पोरांच्या आयांना आधी गंमत वाटायची, नंतर सवय झाली. एक बाई मला म्हणाली होती, “भाऊ, तुमची बिन मशिनीची फोनलाइन बरी हाये.” मी हसलो होतो. या कामात मी बरीच वर्षं काढली आणि कुरकूर केली नाही, कारण ती लाइन कोणी तोडली ते मलाच माहीत होतं.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्हाला माहीत नाही. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, मला सुद्धा सारखं म्हणायचात, “भाऊ, तुमी मले गोंदियाले नेलं म्हनून मी वाचली.” मी नेलं हे खरं. पण मला सुचलं नव्हतं. नोटिशीनंतरचा मार्च संपता संपता निर्मलाबाई मला बोअरिंगच्या हातपंपावर गाठून म्हणाली, “तुमी सिस्टरचं रक्त काऊन काढून राहिले? तिचा आवाज आयकला का? मानसावानी जाडा झाला. डोळ्याखाली पानी भरल्यावानी दिसते. मी रोज लेकरायचं वजन घेतो, मले दिसते ना. ती आळशी नाई, बिमार हाये. हा मलेरिया नोहे.” मी म्हणालो, मग तुम्हीच सांगा तिला. ती म्हणाली, “माझं आयकते का ती? तुमी न्या. आन माझं नाव नोका सांगू, नाई तं येनार नाई.”

तिचं नाव सांगू नये अशी तिचीही विनंती होती. मी तीही पाळली. माझं नाव न सांगितल्यामुळे मी सुटलो, तिचं न सांगितल्यामुळे ती अडकली, आणि दोन्ही वेळा तुम्ही माझेच आभार मानलेत.

एप्रिलमध्ये आपण निघालो. कोहमाऱ्याला बस बदलायची होती, म्हणून चौकातल्या ढाब्यावर बसलो. बाहेर डांबर वितळत होतं, ट्रकवाले अंगातले बनियन काढून खाटांवर पडले होते आणि तुम्ही शाल डोक्यावरून घेऊन दोन्ही हातांत गरम चहाचा ग्लास धरून बसला होतात. ढाबेवाला तुमच्याकडे बघत राहिला. मला म्हणाला, “बाईजी को मलेरिया है क्या?” मी म्हणालो, हाँ. अजूनही माझं उत्तर तेच होतं.

गोंदियाच्या डॉक्टरनं तुम्हाला टेबलावर गुडघ्यांवर उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं आणि सावकाश, फार सावकाश परत जागेवर आलं. त्यांनी विचारलं, “मैडम, ठंड कब से लगती है?” तुम्ही म्हणालात, “दो-ढाई साल से.” “बुखार?” तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, “बुखार तो नहीं.” “फिर इलाज क्या लिया?” तुम्ही बोट माझ्याकडे केलंत. “ये मलेरियावाले हैं न.” डॉक्टर माझ्याकडे बघून हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

रक्त नागपूरला गेलं. आठवड्यानं आपण रिपोर्ट घ्यायला गेलो तर लॅबवाला म्हणाला, “वहाँ से फोन आया था, दो बार चलाके देखा, मशीन बिगड़ी है समझे.” जो आकडा पाचच्या आत हवा तो शंभराच्या वर होता. डॉक्टरांनी कागदावर गळ्यातली ती ग्रंथी काढून दाखवली. ती थकली आहे, म्हणाले, म्हणून अख्खं शरीर मंद चाललंय, तुमचा यात काही दोष नाही. रोज एक बारीक गोळी, सकाळी उपाशीपोटी, आणि त्यानंतर तासभर चहा सुद्धा नाही. जन्मभर. तुम्ही बाहेर आलात आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलात. मला वाटलं जन्मभर गोळी घ्यावी लागणार म्हणून. तुम्ही म्हणालात, “भाऊ, म्हणजे मी आळशी नव्हती.”

त्या पायरीवर मी बोलायला हवं होतं. मी बसची वेळ झाली असं म्हणालो.

तीन महिन्यांत तुम्ही परत आलात. दुसरा शब्द नाही त्याला. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज बारीक झाला, स्वेटर पेटीत गेला. रोवणी लागली तेव्हा त्याच टोल्याच्या वाटेवर तुम्ही माझ्यापुढं चालत होतात आणि मी सायकल ढकलत मागे. वळून म्हणालात, “काऊन, भाऊ, पाय उचलत नाई का?” चिडवण्यासाठीच म्हणालात. मला तुमच्या पाठीकडं बघवेना. एक साधा अर्ज करायचा होता: सदर सेविका त्या काळात आजारी होत्या, सोबत रिपोर्ट जोडला आहे, आधीची तक्रार मी मागे घेतो. साहेब तेच होते. शेरा कदाचित निघाला असता. पण आधीची तक्रार मी मागे घेतो म्हणायला आधीची तक्रार मी केली होती हे म्हणावं लागत होतं.

शेरा राहिला. पुढं आरोग्य सहाय्यिकेच्या बढतीची यादी निघाली, त्यात तुमच्यानंतर लागलेल्या दोघी होत्या, तुम्ही नव्हतात. प्रज्ञाच्या शिक्षणासाठी भंडाऱ्याला किंवा गोंदियाला जायचं तुमच्या मनात होतं ते तिथंच राहिलं, आणि प्रज्ञा होस्टेलवर गेली. त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, “त्या खुलाशात बिमारी लिवाले पायजे होती. पन तेवा आपल्याले काय मालूम होतं.” आपल्याले म्हणालात तुम्ही.

गोळी तुम्ही नेटानं घेतलीत, हे मात्र मान्य केलं पाहिजे. साडेसहाला गोळी, साडेसातला चहा. मी सातच्या सुमारास रजिस्टरवर सह्या घ्यायला यायचो, तर मलाही चहा नाही. पाहुण्यानं एकट्यानं चहा प्यायचा ही गोष्ट तुम्हाला पटत नव्हती. तो अर्धा तास आपण ओसरीत बसून काढायचो. तुम्ही भाजी निवडायचात, प्रज्ञाच्या परीक्षेचं सांगायचात, आणि फिरून फिरून निर्मलावर यायचात. “मी तिचं काय वाकडं केलतं, भाऊ? एवढंच सांगा.” वर्षानुवर्षं तुम्ही हा एकच प्रश्न विचारलात. मी म्हणायचो, जाऊ द्या, तिनं नसेलही लिहिलं. तुम्ही म्हणायचात, “मंग कोनं लिवलं?” मी घड्याळ बघायचो आणि म्हणायचो, झाले साडेसात, चहा ठेवा.

मधे एकदा तुम्ही परत मंदावलात. दुपारच्या डुलक्या सुरू झाल्या, शाल निघाली. तुम्ही लपवत होतात, कारण तुम्हाला भीती वाटत होती की कोणी परत अर्ज करेल. या वेळी मी थर्मामीटर आधी लावला. मग आपण गोंदियाला गेलो. आकडा वर गेला होता. डॉक्टर गोळी वाढवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, दुसरं काही घेता का? तुम्ही म्हणालात, आयर्नची लाल गोळी. कधी? “उसी पानी के साथ.” रक्त कमी म्हणून उपकेंद्रातल्या गरोदर बायकांच्या डब्यातली लाल गोळी तुम्ही रोज सकाळी त्या बारीक गोळीबरोबरच गिळत होतात. एका घोटात दोन कामं. लोहामुळं थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. हजारो लाल गोळ्या स्वतःच्या हातानं वाटणारी बाई. परत येताना कोहमाऱ्यापर्यंत आपण दोघंही यावर हसलो. ते हसणं मला आठवतं आणि बरं वाटतं.

त्यानंतर तुम्ही सगळ्या गावांच्या मागे लागलात. कोणी बाई म्हणाली की केस गळतात, थंडी वाजते, पाळी फार जाते, की तुम्ही तिचा हात हातात घेऊन बघायचात आणि गोंदियाला पिटाळायचात. सगळ्यांचंच काही तसं निघालं नाही, पण काहींचं निघालं. मलाही तुम्ही शिकवलंत. सुई काढायच्या आधी मी विचारायला लागलो, थंडी ताप घेऊन येते की नुसतीच येते? निवृत्त होईपर्यंत विचारत राहिलो. हे तुमचं माझ्यावरचं ऋण आहे आणि ते मानायला मला काही अडचण नाही.

मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. गेलात त्या सकाळी गोळी घेऊन झाली होती, चहा व्हायचा होता, अंगण झाडता झाडता छातीत दुखलं. आवाज ऐकून भिंतीपलीकडून सगळ्यात आधी निर्मलाबाई धावत आली. तुम्ही गेलात ते तिच्या मांडीवर. तुम्ही तिच्याशी काही बोललात का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, “पाहत होती माझ्याकडं. बोलली नाई काई.”

परवा विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल दोन शब्द बोलू लागला. प्रज्ञानं माझं नाव घेतलं. म्हणाली, आईला मामांनीच वाचवलं होतं. मी चार ओळी पाठ करून गेलो होतो, सेवाभावी, मनमिळाऊ, कष्टाळू. उभा राहिलो आणि सगळ्यात मागे, दाराजवळ, चपलांच्या बाजूला निर्मलाबाई बसलेली दिसली. तुमच्या लोकांनी तिला पुढं बोलावलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वीचा तो अर्ज गावात सगळ्यांना माहीत होता आणि तो कोणी केला हेही सगळ्यांना माहीत होतं, असं सगळ्यांना वाटत होतं.

मी म्हणालो, सिस्टर झोपतात, हयगय करतात, असा अर्ज झाला होता. तो मी केला होता. निर्मलाबाईंनी नाही. सिस्टर आजारी आहेत हे पहिल्यांदा ओळखलं ते निर्मलाबाईंनी, मी नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी गोंदियाला नेलं. मला आणखी बोलायचं होतं, माफी वगैरे. प्रज्ञा माझ्याकडं बघत होती, तुमच्या फोटोतल्या त्याच मोठ्या डोळ्यांनी. मग तिनं नजर काढून घेतली. कोणीतरी हळूच म्हणालं, “बसा, भाऊ.” मी बसलो.

माफी तिथं मागायची राहिली ती इथं मागतो. तुम्ही आजारी होतात आणि मी तुम्हाला आळशी म्हणालो, आणि खरं कळल्यावरही तेरा वर्षं गप्प बसलो. त्याबद्दल वाईट वाटतंच, पण तुमची मैत्रीण मी तुमच्याकडून काढून घेतली त्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं. गोळीनं तुमचं बाकी सगळं परत आणलं होतं.

सभा संपायच्या आधी निर्मलाबाई उठली. लोकांमधून वाट काढत पुढं आली. माझ्याजवळून जाताना थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “ती गेल्यावर सांगून राहिले तुमी.” ती पुढं गेली, तुमच्या फोटोसमोर उभी राहिली. फूल वाहिलं नाही, हात जोडले नाहीत. सगळं विहार ऐकत होतं आणि ती फक्त तुमच्याशी बोलली.

“आयकलं ना, बाई? मी नव्हती.”